'सदूकी' हे नाव कुठून आलं?

प्रश्न असा: मराठी बायबलमध्ये 'परूशी आणि सदूकी' अशी जोडी येते; हे येशूच्या काळातले ज्यूंचे दोन गट. त्यातले सदूकी कोण, आणि 'नीतिमान' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना हे नाव मिळालं हे खरं का?

'नीतिमान'वाली व्युत्पत्ती जुनी आहे. चौथ्या शतकात एपिफानियस या ख्रिस्ती लेखकाने ती दिली. पण हिब्रूत नीतिमान म्हणजे 'त्सद्दीक' आणि या लोकांचं नाव 'त्सदूकीम'. (हा 'त्स' आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखाच. शेवटचा 'ईम' अनेकवचनाचा.) 'दी'चा 'दू' का झाला, याचं उत्तर या व्युत्पत्तीकडे नाही. इस्राएलच्या शलमोन राजाने अब्याथार या याजकाला (पुरोहिताला) काढून ज्याला मुख्य याजक केलं, तो सादोक. जुन्या ग्रीक बायबलात त्याचं नाव काही ठिकाणी 'सद्दूक' असंच लिहिलेलं आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक 'सदूकी' म्हणजे सादोकाच्या घराण्याचे, त्याचा वारसा सांगणारे, असं मानतात आणि मलाही तेच पटतं. धातू मात्र दोन्हींकडे एकच आहे, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मशिक्षकांच्या, परंपरेत आणखी एक कथा आहे. सोखो गावचा अँटिगोनस हा गुरू शिष्यांना म्हणाला, मोबदल्याच्या आशेने चाकरी करू नका. पुढच्या पिढीने याचा अर्थ काढला की मरणानंतर मोबदलाच नाही, आणि सादोक नावाच्या शिष्यावरून हा गट निघाला. कथा उशिराची आहे आणि रचलेली वाटते.

याजकी उगम धरला की त्यांची मतंही उलगडतात. यरुशलेमचं मंदिर, यज्ञ आणि मोशेचं लिखित नियमशास्त्र हे त्यांचं सर्वस्व. 'वाडवडिलांपासून चालत आलेले' म्हणून परूशी जे तोंडी नियम पाळत, ते सदूकींना बंधनकारक वाटत नसत. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की ते दैव मानत नसत, बरंवाईट माणसाच्याच हाती आहे म्हणत, आणि देहाबरोबर आत्माही नष्ट होतो असं समजत. 'प्रेषितांची कृत्ये' 23:8 मध्ये पुनरुत्थान, देवदूत आणि आत्मा हे तिन्ही ते नाकारतात असं आहे.

मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहातला एक वाद तर सोवळंओवळं पाहिलेल्या मराठी माणसाला लगेच कळेल. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतलं, तर धारेवरून विटाळ वर चढतो का? सदूकी म्हणत चढतो, परूशी म्हणत नाही. गंमत म्हणजे मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या एका हस्तलिखितातही सदूकींच्याच बाजूचं मत आहे आणि तिथले लोकही आपल्या याजकांना 'सादोकाचे पुत्र' म्हणत. म्हणजे सादोकाच्या वारशावर एकापेक्षा अधिक गट हक्क सांगत होते.

मराठीत त्यांना 'पंथ' म्हणतात. मला 'गट' किंवा 'पक्ष' अधिक नेमकं वाटतं. पंथ म्हटलं की आपल्यासमोर गुरू, दीक्षा आणि अनुयायी उभे राहतात. हे होते यरुशलेमातले वरिष्ठ याजक आणि धनिक. योहान हिर्कानस (इ.स.पू. 134 ते 104) हा ज्यू सत्ताधीश परूशांशी बिनसल्यावर सदूकींकडे गेला, हे राजकारणच होतं. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि त्यांचा आधारच गेला. त्यांनी स्वतः लिहिलेला, निःसंशय त्यांचाच म्हणता येईल असा एकही ग्रंथ उरलेला नाही. वर सांगितलेलं बहुतेक सारं दुसऱ्यांनी, अनेकदा विरोधकांनी लिहिलेलं आहे.

लिहिताना इंग्रजीवरून आलेलं 'सॅड्युसी' नको, 'सदूकी'च लिहावं. मूळचा 'क' त्यात टिकला आहे.