‘त्याचा एन्काउंटर केला’ : इथे ‘चकमक’ हा शब्द चालेल का?

एका ताईंनी विचारलं आहे : “पोलीस शिपायांच्या प्रशिक्षणासाठीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. ‘एन्काउंटर’ला सरसकट ‘चकमक’ लिहू का? ‘अकाउंटेबिलिटी’ला ‘उत्तरदायित्व’ लिहिलं तर शिपायांना ते परकं वाटतं, ‘जबाबदारी’ लिहिलं तर अर्थ पातळ होतो. आणि ‘डी-एस्कलेशन’ला काय म्हणावं?”

ताई, तिन्हींचं उत्तर देतो. पण पहिल्या शब्दावर जास्त वेळ घेणार आहे, कारण या शब्दाच्या आड माणसं मारली गेली आहेत.

‘चकमक’ मूळचा तुर्की, आपल्याकडे आला तो फारसीच्या हाताला धरून. गारेवर, म्हणजे गारगोटीवर, पोलाद आपटून ठिणगी पाडायचं साधन म्हणजे चकमक. काडेपेटी घरोघर येण्याआधी लोक ती जवळ बाळगत. तुर्कस्तानात आजही सिगारेटच्या लायटरला ‘चाकमाक’ म्हणतात. ठिणगी पडायची तर दोन वस्तू एकमेकींवर आपटाव्या लागतात. नुसत्या गारेने काही होत नाही, नुसत्या पोलादानेही नाही. म्हणून दोन तुकड्या समोरासमोर आल्या, थोडा वेळ मारामारी झाली आणि पांगल्या, की तिला आपण चकमक म्हणू लागलो. वाक्यात हा शब्द कसा बसतो तेही पाहा. चकमक ‘झडते’ किंवा ‘उडते’, आणि ती कुणाकुणा‘च्यात’ उडते. विधानसभेत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात शाब्दिक चकमक उडते. शब्दाला दोन बाजू लागतातच.

आता ‘एन्काउंटर’ आपण बोलण्यात कसा वापरतो ते ऐका. ‘त्याचा एन्काउंटर केला.’ ‘त्याचा एन्काउंटर झाला.’ ‘असल्यांचा एन्काउंटरच करायला पाहिजे.’ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गाठ पडणं, सामना होणं. मराठीने शब्द तिकडून उचलला, पण त्याला व्याकरण लावलं ते ‘खून’ या शब्दाचं : त्याचा खून केला, त्याचा खून झाला. कुणी म्हणेल की ‘सामना’लाही ‘चा’ लागतो, संकटाचा सामना करतातच. खरं आहे. पण ‘त्याचा सामना झाला’ म्हटलं की ऐकणारा लगेच ‘कुणाशी?’ विचारतो. ‘त्याचा एन्काउंटर झाला’ म्हटल्यावर असं कुणीही विचारत नाही. आणि भविष्यकाळ बघा. ‘आता याचा एन्काउंटर होणार’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतं. अचानक उडणारी चकमक आधीच कशी कळेल? बोलणाऱ्या माणसाला शब्दाचा खरा अर्थ पक्का ठाऊक असतो, म्हणूनच तो शब्द असा वापरतो.

या अर्थाने हा शब्द आपल्याकडे रुळला तो नक्षलवादी चळवळीच्या काळातल्या आंध्रातून. तिथल्या ‘एन्काउंटर’मधल्या मृत्यूंची चौकशी करायला १९७७ साली एक नागरी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष वि. म. तारकुंडे, म्हणजे आपल्या सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. मुंबईत ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे मारला गेला; शहरातला पहिला एन्काउंटर म्हणून तोच मोजतात. नव्वदच्या दशकात तर आकडे मोजायची वेळ आली. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसं, हा विषय नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या पीयूसीएल या संघटनेने आधी उच्च आणि मग सर्वोच्च न्यायालयात नेला.

त्याच सुमारास मराठी वर्तमानपत्रांत ‘चकमकफेम’ हा शब्द आला. हे ‘फेम’ आलं नाटका-सिनेमाच्या जाहिरातींतून. अमुक मालिकाफेम अभिनेता, तमुक चित्रपटफेम नायिका. तेच शेपूट आपण माणसं मारण्याला लावलं, आणि वर्षानुवर्षं मथळ्यांत छापलं. मला या शब्दाचा मनापासून राग आहे. ज्या अधिकाऱ्याने कधी बंदूक न काढता शंभर गुन्हेगार कोर्टापुढे उभे केले, त्याला कुणी ‘दोषसिद्धीफेम’ म्हटलं नाही. नव्याने भरती झालेला पोरगा कुणाकडे बघून मोठा होणार, हे अशा शब्दांवरूनही ठरतं.

एन्काउंटरनंतरच्या निवेदनाचा साचा तर तुमच्या चांगला ओळखीचा असेल : ‘आरोपीने पोलिसांच्या दिशेने गोळीबार केला. पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात आरोपी गंभीर जखमी झाला. रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी त्यास मृत घोषित केले.’ यातली क्रियापदं मोजा. आरोपीचं क्रियापद धडधडीत : ‘गोळीबार केला’. पोलिसांचं क्रियापद आकसून विशेषण झालं : ‘केलेल्या’. मरण कुणी आणलं? वाक्यात उरले ते डॉक्टर. ‘ठार मारले’ याचं ‘ठार झाला’ झालं की कर्ता वाक्यातून अलगद निघून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएलच्या त्या खटल्यात सोळा मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. मी ती भाषेचा अभ्यासक म्हणून वाचतो तेव्हा मला त्यांत त्या हरवलेल्या कर्त्याचा शोध दिसतो. खबर मिळाली तर ती आधी लिहून ठेवा. गोळीबारात कुणी मेलं तर गुन्हा नोंदवा आणि तो कोर्टाला कळवा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायची. ज्यांनी गोळी झाडली त्यांनी आपली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं, त्याचं चित्रीकरण करायचं. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. आणि घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झालं तरच. कोण, केव्हा, कुठल्या हत्याराने, कुणाच्या खबरीवरून : वाक्यातली एकेक रिकामी जागा न्यायालयाने भरायला लावली आहे.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, डोक्यात गोळी लागून मेला. त्याच्यावरचे आरोप अंगावर काटा आणणारे होते. दोन लहान मुली आणि त्यांचे आईबाप न्यायाची वाट पाहत होते. खटला चालला असता तर साक्षीपुरावे पुढे आले असते. आता त्याच्यापुरतं ते दार बंद झालं. लगेचच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने तोंडी शेरा मारला की याला एन्काउंटर म्हणता येणार नाही. माझ्या दृष्टीने त्या वर्षातली ती सर्वांत महत्त्वाची शब्दचर्चा.

चकमकीची ‘गोष्ट’ न्यायालयात टिकली नाही अशी उदाहरणं आहेत. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचललं आणि त्याच दिवशी वर्सोव्याला तो ‘चकमकीत’ मेला. २०१३ साली सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना दोषी ठरवलं. २०२४ साली उच्च न्यायालयानेही ती चकमक बनावट मानली आणि बहुतेकांची जन्मठेप कायम केली. हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली होती. त्याची चौकशी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने केली. मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष २०२२ साली बाहेर आला.

म्हणून तुमच्या पुस्तिकेसाठी माझं मत असं : दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्याचं चौकशीत ठरलं असेल तिथेच ‘चकमक’ लिहा. गडचिरोलीच्या जंगलात जवान मरतात, जखमी होतात, ती चकमक. तो शब्द त्यांचा आहे, तो स्वस्त करू नये. चौकशी व्हायची असेल तोवर ‘पोलीस गोळीबारातील मृत्यू’ लिहा. न्यायालयाने खोटी ठरवली असेल तर ‘बनावट चकमक’ म्हणायचीही गरज नाही; ‘हत्या’ हा शब्द आहे.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद असेलच : सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. प्रशिक्षणात या दोन शब्दांवर एक अख्खा तास द्यावा असं मला वाटतं. हे ब्रीद वाचताना गीतेतलं ‘परित्राणाय साधूनां विनाशाय च दुष्कृताम्’ आठवतं. पण ब्रीदात ‘विनाश’ नाही, ‘निग्रहण’ आहे. संस्कृतात निग्रहाला शासन करणं असाही अर्थ आहे, पण धातू ‘ग्रह्’, म्हणजे धरणं, पकडणं. मनोनिग्रह म्हणजे मन मारून टाकणं नव्हे, आवरून धरणं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जे केलं ते खलनिग्रहण, अगदी धात्वर्थासकट. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. म्हणून कट उलगडला, म्हणून खटला उभा राहिला, म्हणून नोव्हेंबर २०१२ मधली येरवड्यातली फाशी ही कायद्याने दिलेली शिक्षा ठरली.

‘शिस्त’ हाही शब्द शिपायांना सांगण्याजोगा आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. पुढे तोच शब्द वागण्यातल्या नेटकेपणाला लागला. गोळीबाराच्या मैदानावर पहिली शिस्त शिकवली जाते. दुसरी, म्हणजे घोड्यावर बोट असताना ते कधी दाबायचं नाही ही, तितकेच तास देऊन शिकवायला हवी.

आता ‘अकाउंटेबिलिटी’. ‘उत्तरदायित्व’ सरकारी आहे हे तुमचं म्हणणं पटतं. ‘जबाबदारी’ वापरून गुळगुळीत झाला, पण आत पाहिलं तर शब्द दणकट आहे : जबाब देणं ज्याच्याकडे लागतं तो जबाबदार. ठाण्यात रोज जबाब नोंदवले जातात, पण ते इतरांचे. गोळी झाडणाऱ्या शिपायाचाही जबाब कुणीतरी नोंदवायचा आहे, एवढीच ‘अकाउंटेबिलिटी’ची मागणी आहे. मी स्वतः ‘जाब’ वापरीन. ‘जाब’ म्हणजे मराठीच्या तोंडात बसलेला ‘जबाब’. ‘जाब विचारणे’ कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, आणि ग्राहक आयोगाच्या निकालपत्रांत ‘जाबदेणार’ आजही जागचा हललेला नाही. ‘वापरलेल्या बळाचा जाब द्यावा लागेल’ हे वाक्य शिपायाला थेट भिडेल. सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण सांगितलं, आपल्या पोलीस कायद्यात ते २०१४ साली आलं. त्याची ओळख पुस्तिकेत करून देताना ‘जाब विचारणारी यंत्रणा’ म्हणा.

‘डी-एस्कलेशन’साठी ‘तणाव-अवनती’ वगैरे कृपा करून घडवू नका. मराठीत जखम चिघळते तसं प्रकरण चिघळतं, आणि गढूळ पाणी निवळतं तसा प्रसंग निवळतो. ‘प्रसंग निवळवणे’ लिहा. इथे एक बारकी पण मोठी गोष्ट : इंग्रजीतल्या ‘यू’चं तुम्ही काय करणार? पुस्तिकेतल्या नमुना संवादांत पोलीस ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, हे इंग्रजी लेखकाने ठरवलेलं नाही, ते तुम्हाला ठरवायचं आहे. सगळीकडे ‘तुम्ही’ करा. अरे-तुरेवर आलं की आवाज चढतो, आवाजामागून हात चढतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग : वस्तीत एक माणूस दारू पिऊन, कोयता घेऊन, स्वतःच्याच घराच्या दारात उभा. आत बायको-पोरं, बाहेर गर्दी, गर्दीतून ‘हाणा त्याला’चा गलका. हवालदारांनी आधी गर्दी मागे सारली. मग दहा-बारा हात अंतरावर थांबून म्हणाले, “भाऊ, उन्हात उभे आहात, पाणी घेता का?” तो शिव्या देत राहिला. हे तिथेच उभे राहिले, पुन्हा पुन्हा तेच विचारत. पाऊण तासाने त्याने पाणी मागितलं, आणि तांब्या घ्यायला हात मोकळा हवा म्हणून कोयता ओट्यावर ठेवला. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत त्यांनी केलेली नोंद त्यांना अजून तोंडपाठ आहे : ‘सदर इसमाची समजूत घालून कोयता ताब्यात घेतला.’ ‘डी-एस्कलेशन’च्या धड्याला उदाहरण म्हणून हेच वाक्य घ्या, हवालदारांची त्याला हरकत नाही.