धुराचे कारण कळण्याआधी इंजिनावर खर्च करावा का?

आपल्या पत्राचा मथितार्थ असा आहे. सुमारे तीस वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी आपली ऑटोमॅटिक गाडी गेल्या काही महिन्यांपासून सायलेन्सरमधून दाट, पांढुरका धूर सोडते आहे. गॅरेजने ‘इंजिनाचे काम निघाले’ असे सांगून खर्चाचा अंदाज दिला आहे, आणि एका खरेदीदाराने गाडी आहे त्या स्थितीत घेण्याची तयारी दाखवली आहे. आपत्कालीन निधीतून काम करून घ्यावे, मिळेल त्या किमतीला गाडी विकावी, की सात वर्षांचे कर्ज काढून नवी ऑटोमॅटिक घ्यावी, असा आपला प्रश्न आहे. डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लचची गाडी चालवता येत नाही, असेही आपण लिहिले आहे. त्यामुळे स्वस्तातली कोणतीही दुसरी गाडी घ्या, असे सांगून हा प्रश्न मिटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. या तिन्हींपैकी कोणताही निर्णय आज घेऊ नये. गॅरेजच्या अंदाजात सुट्या भागांची आणि मजुरीची यादी आहे, परंतु हे भाग बदलण्याची गरज कोणत्या तपासणीतून निष्पन्न झाली याचा त्यात उल्लेख नाही. कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का याची, तपासणी झाल्याचे आपणही लिहिलेले नाही. निदानाशिवाय दिलेला खर्चाचा अंदाज हा माझ्या दृष्टीने अंदाज नसून तर्क आहे, आणि तर्कावर आपत्कालीन निधी मोडू नये.

हिशेब सोपा व्हावा म्हणून निर्दोष स्थितीत आपल्या गाडीला येणारी किंमत १०० धरू. आपण दिलेल्या आकड्यांनुसार इंजिनाच्या कामाचा खर्च ७० होतो आणि धूर सोडणाऱ्या गाडीला खरेदीदार ३५ देऊ करतो. नव्या गाडीची किंमत ५०० पडते. आपला आपत्कालीन निधी पाच महिन्यांच्या घरखर्चाइतका, म्हणजे १६० आहे. काम करून लगेच गाडी विकण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. ७० खर्चून किंमत ३५ वरून १०० वर जाते, म्हणजे ६५ च वाढते. दुरुस्ती करायची ती गाडी वापरायची असेल तरच. गेल्या वर्षी टायर आणि ब्रेकवर केलेला खर्च आपण पत्रात दोनदा नमूद केला आहे, परंतु तो पैसा गेला आहे आणि आजच्या निर्णयात त्याला स्थान नाही.

आता गाडीकडे वळू. मी मेकॅनिक नाही, परंतु खर्चाचे अंदाज आणि त्यामागची कारणे ताडून पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि आपल्या पत्रातील काही तपशील गॅरेजच्या निष्कर्षाशी जुळत नाहीत. धूर सिग्नलला उभे राहिल्यावर आणि तेथून निघताना जास्त येतो. इंजिन ऑइल पातळी मोजण्याच्या पट्टीवर जवळजवळ जागचे हललेले नाही. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी झालेले नाही. मात्र गिअरबॉक्सचे ऑइल दोनदा भरावे लागले, आणि गाडी उभी करण्याच्या जागी एक थेंबही सांडलेला दिसला नाही. याच काळात गिअर उशिरा आणि धक्क्याने पडू लागले, हे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या कड्या) झिजल्या असतील तर जळते ते इंजिन ऑइल. धुराला निळसर छटा येते, गाडीवर जोर पडला की तो वाढतो, आणि पट्टीवरची पातळी उतरत जाते. वॉल्व्ह सील (वॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणारे रबरी भाग) कडक झाले असतील तर रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना किंवा बराच वेळ इंजिन नुसते चालू राहिल्यावर निळसर लोट येतो. येथेही घटते ते इंजिन ऑइलच. हेड गॅस्केट (सिलिंडरचे वरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचे इंजिन यांमधला सांधा बंद ठेवणारा थर) गेले असेल तर कूलंट कमी होते, धुराला गोडसर वास येतो आणि पुष्कळदा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. तेथे एअर फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटर पाहावा लागतो, आणि आपला प्रश्न तो नाही.

मग गिअरबॉक्सचे ऑइल जाते कोठे? जुन्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची धातूची एक लहान गोल डबी बाहेरून बसवलेली असते. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० मध्ये आणि फोर्डच्या सी-४ व सी-६ मध्ये ती होती. युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांमध्येही आढळते. या डबीत एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला गिअरबॉक्स, तर दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांकडे) जाणारी रबरी नळी असते. इंजिनावर किती भार आहे हे गिअरबॉक्सला या नळीतील व्हॅक्यूमवरून कळते आणि त्यानुसार गिअर कधी आणि किती जोराने पडावा हे ठरते. पडदा फाटला की दोन गोष्टी एकदम घडतात. व्हॅक्यूम पुरेसा न पोहोचल्याने इंजिनावर सतत मोठा भार असल्याचा गिअरबॉक्सचा समज होतो, आणि गिअर उशिरा व धक्क्याने पडू लागतात. त्याच वेळी इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल त्या नळीतून ओढून घेते आणि जाळते. इंजिन नुसते चालू असताना मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम जास्त असतो, त्यामुळे सिग्नलला उभे असताना ऑइल अधिक ओढले जाते आणि निघताना मागे पांढरा लोट उठतो. सांडलेला थेंब दिसणार कसा? ते ऑइल जमिनीवर नव्हे, सिलिंडरमध्ये जाते आहे.

याची खातरजमा करण्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना मेकॅनिकने मॉड्युलेटरवरची रबरी नळी काढून आत पाहावे. ती कोरडी असायला हवी. नळीच्या तोंडाशी लालसर ऑइलचा ओलावा असेल, कापसाचा बोळा फिरवल्यावर तो लाल होत असेल, तर पडदा फाटलेला आहे. शंका उरलीच तर हातपंपाने मॉड्युलेटरला व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का हे पाहता येते. भाग बदलताना गिअरबॉक्सचे ऑइल व फिल्टरही बदलून घ्यावा, आणि ऑइलने माखलेले स्पार्क प्लग साफ करावेत किंवा बदलावेत. त्यानंतरही काही दिवस थोडा धूर येईल, कारण सायलेन्सरमध्ये साचलेले ऑइल जळून जायला वेळ लागतो. तेवढ्यावरून काम फसले असे समजू नये.

आपल्या गाडीत हाच दोष आहे, असे मी येथे बसून म्हणणार नाही. परंतु ही शक्यता तपासणे किती स्वस्त आहे, ते पाहावे. नळीची पाहणी, प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची नोंद आणि कूलंटच्या प्रेशरची तपासणी, हे सर्व मिळून आपल्या मापात ४ खर्च येतो असे धरू. मॉड्युलेटर, ऑइल आणि फिल्टर बदलण्यास ५ धरू. मॉड्युलेटरची शक्यता चारात एक एवढीच आहे असे मानले, तरी तपासणीमुळे सरासरीने वाचणारी रक्कम (७० ऐवजी ५ खर्च झाल्याने वाचणाऱ्या) ६५ चा चतुर्थांश, म्हणजे सुमारे १६ होते. ४ खर्चून १६ वाचण्याची शक्यता विकत मिळत असेल, तर ती घ्यावी. आपल्या पत्रातील लक्षणे पाहता मी ही शक्यता चारात एकपेक्षा बरीच जास्त मानतो.

तपासणी शक्यतो दुसऱ्या गॅरेजकडून, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणाऱ्याकडून करून घ्यावी, आणि तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत. ‘काम आमच्याकडे केल्यास तपासणी मोफत’ ही सवलत येथे नाकारलेली बरी. पहिले गॅरेज फसवते आहे, असे मला सुचवायचे नाही. धूर दिसला की रिंगकडे बोट दाखवण्याची सवय जुनी आहे, आणि मॉड्युलेटर असलेल्या गाड्या आता फारशा कोणाच्या हाताखालून जात नाहीत. कॉम्प्रेशनचे आकडे सिलिंडरनिहाय लेखी मागावेत. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगावे. आकडा वाढला तर दोष रिंगकडे झुकतो. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावे लागते.

या लेखी अहवालाचा आणखी एक आर्थिक उपयोग आहे, आणि तो आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. खरेदीदार १०० च्या गाडीला ३५ देतो, कारण धुराचे कारण त्याला ठाऊक नाही आणि सर्वांत वाईट शक्यता धरूनच तो किंमत सांगतो. या ६५ च्या तफावतीत दुरुस्तीच्या संभाव्य खर्चाबरोबर अनिश्चिततेची किंमतही दडलेली आहे. गाडी विकायचीच ठरली, तरी दोष निश्चित सांगणारा कागद हातात असेल तर भाव वर जातो. धूर दाबणारे बाटलीतले औषध किंवा जाड ऑइल घालून गाडी दाखवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये; ती फसवणूक आहे, आणि लपवलेला दोष उघड झाला की वाद दाराशी येतो.

आता तपासणीनंतरच्या शक्यता पाहू. मॉड्युलेटर निघाल्यास खर्च महिन्याच्या बचतीतून करावा, आपत्कालीन निधीला हात लावू नये. वॉल्व्ह सील निघाल्यास घाई नाही. अनेक इंजिनांमध्ये सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून वॉल्व्ह जागेवर धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात, त्यामुळे पूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च तेथे मान्य करू नये. दर हजार किलोमीटरला किती ऑइल लागते याची नोंद ठेवून काही महिने वरून ऑइल भरत राहणे हाही रास्त मार्ग आहे. मात्र गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) असेल, तर जळणाऱ्या ऑइलमधील फॉस्फरसमुळे तो हळूहळू निकामी होतो, हा खर्चही मोजणीत धरावा. हेड गॅस्केट निघाल्यास मात्र गाडी त्याच दिवशी थांबवावी, कारण इंजिन तापून हेड वाकले की खर्च हाताबाहेर जातो.

रिंगच झिजल्याचे आकड्यांनी सिद्ध झाले, तर आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि त्याचे उत्तर आपल्याला वाटते तितके नव्या गाडीच्या बाजूने नाही. आज ३५ ला न विकलेली गाडी आणि ७० चे काम, असे १०५ गुंतवून ती तीन वर्षे वापरली आणि शेवटी ५० ला विकली, तर वर्षाला सुमारे १८ पडतात. किरकोळ दुरुस्तीचे १५ धरले तर ३३. नव्या गाडीची ५०० ची किंमत तीन वर्षांत ३०० वर आली असे मानले, तर घसारा वर्षाला ६७ होतो. ४०० चे कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता ६.४ येतो आणि पहिल्या तीन वर्षांत सुमारे ९० नुसत्या व्याजात जातात. म्हणजे नवी गाडी वर्षाला सुमारे ९७ खाते, विमा वेगळा. तीन वर्षे हप्ते भरूनही सुमारे २५९ देणे शिल्लक असेल. तो हप्ता आपल्या आजच्या १३ च्या मासिक बचतीचा निम्मा भाग नेईल, आणि जुनी गाडी विकून आलेले ३५ वजा जाता सुरुवातीचे ६५ त्याच आपत्कालीन निधीतून निघतील. काम केलेले इंजिन दुर्दैवाने वर्षभरच टिकले आणि गाडी पुन्हा ३५ वर आली, तरी त्या वर्षाचा खर्च ८५ होतो. नव्या गाडीपेक्षा तोही कमीच आहे.

तरीही ७० निधीतून काढल्यास तो तीन महिन्यांच्या खर्चाखाली जातो, आणि हे मला मान्य नाही. त्या परिस्थितीत ३५ निधीतून आणि उरलेले ३५ पुढील तीन महिन्यांच्या बचतीतून द्यावेत, काम टप्प्याने करण्याविषयी गॅरेजशी आधीच लेखी बोलून घ्यावे, आणि इंजिन उघडल्यावर खर्च ठरलेल्या रकमेपुढे जात असेल तर आपली संमती घेऊनच पुढे जावे, ही अट त्यात घालावी. गुडघ्याचे दुखणे वाढून गाडीवरचे आपले अवलंबित्व वाढणार असेल, आणि रस्त्यात बंद पडणे परवडणार नसेल, तर नव्या गाडीसाठी जास्त पैसे मोजणे चुकीचे नाही. मात्र त्याला सोयीचा खर्च म्हणावे, बचत म्हणू नये.

तपासणी होईपर्यंत गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने, बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन गरम व चालू ठेवून सपाट जागेवर, दर दोन-तीन दिवसांनी पाहावी. ऑइल कमी असताना गाडी चालवल्यास आतील क्लच जळतात, आणि गिअरबॉक्सच्या कामापुढे इंजिनाचा आजचा अंदाजही किरकोळ वाटू शकतो. खरेदीदाराला तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत थांबण्यास सांगावे. तो थांबला नाही तरी ३५ चा देकार पुन्हा मिळणे अवघड नाही. अहवाल आल्यावर कॉम्प्रेशनचे आकडे आणि नळीच्या पाहणीचा निष्कर्ष मला कळवावा, म्हणजे वरच्या हिशेबात खरे आकडे घालून पाहता येतील.