आधी ब्लाउज उसव

पोरी, लग्नातला ब्लाउज दंडाला काचतो म्हणून रडू नकोस. शिंप्याकडे ने, आत माया ठेवलेली असते, दोन बोटं सैल होईल. दुसऱ्या लेकरानंतर मीही तेच केलं, आणि त्या दिवशी किती मोकळा श्वास घेतला!

वजनाचं वेगळं. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर, बीपी तपासून घे. 70 किलोतले साडेतीन उतरले तरी साखरेत फरक पडू शकतो. लग्नातलं वजन कशाला गाठायचं? ज्वारीची भाकरी सोडू नको, चहातली साखर आणि भाजीवरचा तेलाचा तवंग कमी कर. उपाशी मात्र राहू नको, माय. मार्चपासून पहाटेच चालायला निघ, आपल्या परभणीचं ऊन नंतर सोसत नाही.