सी भाषेत गरजेप्रमाणे वाढणारी लिस्ट कशी बनवावी?

तुम्ही लिहिलंय की किती आकडे येणार ते आधी ठाऊक नाही, म्हणून जागा संपली की दर वेळी रिअ‍ॅलॉकने (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) अ‍ॅरेची १० घरं वाढवता. हे बरोबर आहे का, की सरळ लिंक्ड लिस्टच (प्रत्येक आकडा वेगळ्या नोडमध्ये, आणि त्यात पुढच्या नोडचा पत्ता) करावी?

या कामापुरता तरी लिंक्ड लिस्टचा नाद सोडा. ६४-बिट मशीनवर ४ बाइटच्या इंटला ८ बाइटचा पॉइंटर जोडला की पॅडिंग (मधे सोडलेले रिकामे बाइट) धरून नोड १६ बाइटचा होतो, वर प्रत्येक नोडसाठी मॅलॉकने मेमरी मागण्याचा खर्च वेगळाच. नोड मेमरीत कुठेही पडलेले असतात, त्यामुळे ओळीने वाचताना कॅशचा (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) फायदाही नीट मिळत नाही. तुम्हाला शेवटी भर घालायची आहे आणि क्रमांकाने वाचायचं आहे. अ‍ॅरेच घ्या.

एका स्ट्रक्टमध्ये तीन गोष्टी ठेवा: डेटाचा पॉइंटर, आत्ता किती आकडे आहेत (लांबी) आणि किती मावतील (क्षमता). शेवटच्या दोन्ही साइझ-टी (size_t, आकार मोजायचा पूर्णांक) प्रकारच्या. लांबी क्षमतेला भिडली की वाढवायचं, एवढाच खेळ. पण १०-१० ने नको. १ लाख आकडे येईपर्यंत १०,००० वेळा रिअ‍ॅलॉक होईल, आणि दर वेळी डेटा हलवावा लागला तर एकूण जवळपास ५० कोटी आकडे कॉपी होतील. ८ पासून सुरुवात करून दुप्पट करत गेलात तर १४ वेळांत क्षमता १,३१,०७२ होते आणि कॉपी होतात फार तर १,३१,०६४ आकडे. थोडी जागा रिकामी पडून राहते, राहू द्या. मात्र सुरुवात शून्य क्षमतेने करणार असाल तर शून्याची दुप्पट शून्यच, ती अट वेगळी लिहावी लागेल.

रिअ‍ॅलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. मेमरी मिळाली नाही तर ते नल (कुठेच न दाखवणारा पॉइंटर) परत देतं, पण जुना डेटा जागेवर शाबूत असतो. तुम्ही मूळ पॉइंटरवरच नल लिहिलात की त्या डेटाचा पत्ता गेला, आता तो वाचताही येत नाही आणि फ्रीही करता येत नाही. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मगच मूळ पॉइंटर आणि क्षमता बदला. आणि आकार बाइटमध्ये द्यायचा असतो, आकड्यांच्या संख्येला साइझऑफने (एक आकडा किती बाइटचा ते) गुणायला विसरू नका. (हे मी अजूनही कधीमधी विसरतो.)

आता ज्या चुकीने माझा अख्खा शनिवार खाल्ला, ती सांगतो. लिस्टमधल्या सर्वात मोठ्या आकड्याचा पत्ता मी एका पॉइंटरमध्ये धरून ठेवला होता. सहा-सात आकडे देऊन तपासलं, सगळं छान. नववा आकडा घातला की कमाल म्हणून भलतंच काहीतरी छापलं जायचं, तेही कधीकधीच. क्षमता ८ होती. नवव्याला रिअ‍ॅलॉक व्हायचा. तो कधी होता तिथेच जागा वाढवून देतो, कधी सगळा डेटा दुसरीकडे उचलून नेतो. दुसरीकडे नेला की माझा पॉइंटर जुन्या, फ्री झालेल्या जागेकडे बघत बसायचा. तेव्हापासून भर घालणं चालू असेपर्यंत मी लिस्टमधल्या घराचा पत्ता साठवत नाही, क्रमांक साठवतो.

याच कुळातली दुसरी चूक म्हणजे भर घालणाऱ्या फंक्शनला स्ट्रक्ट नुसतंच देणं. सी मध्ये त्याची प्रत जाते. आत लांबी वाढते, बाहेरची तशीच राहते. स्ट्रक्टचा पत्ता द्या.

मधे घुसवायचं असेल तर पुढचे आकडे मेममूव्हने सरकवा. मेमकॉपी नको, कारण जिथून उचलायचं आणि जिथे ठेवायचं ते दोन्ही भाग एकमेकांवर येतात. व्हॉइड पॉइंटर वापरून कुठल्याही प्रकाराला चालेल अशी लिस्ट करायचा मोह होईल. आधी इंटची नीट चालू द्या.

तपासताना सुरुवातीची क्षमता मुद्दाम १ ठेवा, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आकड्यालाच वाढ होईल. जोडीला जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू करा. त्यात रिअ‍ॅलॉक दर वेळी डेटा नव्या जागी नेतो, त्यामुळे माझ्यासारखा जुना पत्ता कुणी वापरला तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळ क्रमांकासकट सांगतो. फक्त कंपाइल करताना डीबग माहितीचा पर्याय द्यायला विसरू नका.