शंका-समाधान : सोलरची केबल

प्रश्न : केळीच्या मळ्यात 5 एचपीचा सौरपंप बसतोय. 540 वॅटचे 10 पॅनल एका सिरीजमध्ये, तिथून कंट्रोलर 40 मीटरवर. दुकानदार म्हणतो, 4 स्क्वेअर एमएमची सोलर केबल 55 अँपिअर पेलते, तुमचा करंट 14. मग 6ची कशाला? वायरमन म्हणतो, घरातलीच पीव्हीसी वायर टाकू, स्वस्त पडेल. कोणाचं ऐकू? (यावल)

उत्तर : वायरमनचं अजिबात नको. घरगुती वायर आयएस 694 प्रमाणे बनते आणि तिचं नेहमीचं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं असतं. उघड्यावर उन्हात ते कडक होतं, काही उन्हाळ्यांत भेगा पडतात आणि मग पावसात लीकेज सुरू होतं. सोलर केबलचं मानक वेगळं आहे : आयएस 17293, युरोपात ईएन 50618. आत कथिल चढवलेल्या बारीक तांब्याच्या तारा, वर ऊन सोसणारे हॅलोजनविरहित (जळताना आम्लाचा धूर न सोडणारे) क्रॉसलिंक (उष्णतेने न वितळणारे) थर, क्षमता 1500 व्होल्ट डीसी, आणि तार 90 अंशांपर्यंत तापली तरी केबल वर्षानुवर्षं टिकते.

दुकानदाराचा आकडा खरा, पण अर्धा. 55 अँपिअर हे मोकळ्या हवेतल्या एकट्या केबलचे. दोन केबल लगटून पृष्ठभागावर बसवल्या की 44 धरायचे. दोन्ही आकडे 60 अंश हवेचे आहेत, म्हणजे जळगावचा मे महिनाही त्यात बसतो. तुमचा शॉर्ट सर्किट करंट (पॅनलची दोन टोकं थेट जोडली तर वाहणारा) 14, त्याला सुरक्षेसाठी 1.25 ने गुणलं की 17.5. केबल जळायची भीती नाही.

खरा हिशोब व्होल्टेजच्या घसरणीचा. जाऊन-येऊन 80 मीटर. 4 स्क्वेअरचा रोध 20 अंशांना किलोमीटरला 5.09 ओहम, आणि तार 70 अंशांपर्यंत तापली की तो सुमारे 20 टक्के वाढतो. चालू करंट 13 धरला तर घसरण 6.3 व्होल्ट. दहा पॅनलच्या साधारण 415 व्होल्टवर ती दीड टक्का होते. दोन टक्क्यांच्या आत राहिली की ठीक. म्हणजे तुम्हाला 4 पुरते. कंट्रोलर 100 मीटरवर असता, तर याच केबलमध्ये जवळपास 16 व्होल्ट गेले असते. तिथे 6 स्क्वेअरनेही भागत नाही, 10 घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं. दहा पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता टोकांवर मिळणारं) 25 अंशांना 495 असेल, तर पहाटे 5 अंशांना ते 520च्या पुढे जातं. कंट्रोलरची कमाल मर्यादा त्याच्या वर हवी. केबल जमिनीखालून न्यायची तर एचडीपीई पाइपातून, निदान दोन फूट खोल. केळीच्या बागेत कुदळ कुठे पडेल सांगता येत नाही. प्लस आणि मायनस एकाच पाइपात शेजारी-शेजारी न्या. दोन वेगळ्या वाटांनी नेल्या की मध्ये मोठा वेढा तयार होतो आणि जवळ वीज कोसळली की त्यात व्होल्टेज उसळतं.

प्रश्न : पत्र्यावरच्या सोलरचा एमसी4 कनेक्टर (पॅनलच्या केबल जोडणारा प्लग) वितळला. केबल मात्र चांगली आहे. असं का? (भुसावळ)

उत्तर : बहुतेक वेळा दोष जोडाचा असतो. पिन पकडीने दाबलेली, नाहीतर नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या. दिसायला बसतात, आत पत्ती नीट टेकत नाही. जोडाचा रोध फक्त 0.1 ओहम झाला तरी 13 अँपिअरला तिथे 17 वॅट उष्णता निघते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! त्यात डीसीची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभरदा शून्याला येत नाही, त्यामुळे विझत नाही.

नवा जोड करताना केबल साधारण 7 मिलिमीटर सोला, एकही तार तुटू देऊ नका, एमसी4च्याच क्रिंपिंग टूलने दाबा आणि ओढून पाहा. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घ्या. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच), आणि करंट शून्य झाल्याची खात्री झाल्यावरच कनेक्टर उघडा. उन्हात पॅनल बंद होत नाही, हे ध्यानात असू द्या. केबल पत्र्याला टेकू देऊ नका; रेलच्या खालून क्लिपांनी टांगा.

प्रश्न : 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर दुपारी ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. (शिरपूर)

उत्तर : इन्व्हर्टर वीज मीटरकडे ढकलतो, म्हणून केबलमध्ये जेवढी घसरण, तेवढं व्होल्टेज त्याच्याकडे जास्त दिसतं आणि मर्यादा ओलांडली की तो बंद पडतो. मीटरपर्यंतची एसी केबल मोजा. 30 मीटर, 4 स्क्वेअर असेल, तर पूर्ण लोडच्या 21.7 अँपिअरला इन्व्हर्टरकडे साडेसहा व्होल्ट जास्त दिसतात. 10 स्क्वेअर तांब्याची टाकली की अडीच. त्याआधी दुपारी बारा-एकला मीटरवर आणि इन्व्हर्टरवर एकाच वेळी व्होल्टेज घ्या. मीटरवरच चढलेलं असेल तर केबल बदलून पैसे घालवू नका, महावितरणकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : बनावट सोलर केबल ओळखायची कशी? (शहादा)

उत्तर : केबलवर मानकाचा क्रमांक, 1500 व्होल्ट डीसी आणि साइज छापलेली हवी. मग एक तार चाकूने खरवडा : कथिलाखाली लाल तांबं दिसलं पाहिजे. आतही पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियम. 4 स्क्वेअरमध्ये बहुधा 0.3 मिलिमीटरच्या 56 तारा असतात, त्या मोजा. शंका उरलीच, तर बंडल काट्यावर ठेवा. 100 मीटरमध्ये नुसतं तांबंच साडेतीन किलोच्या आसपास भरतं. वरच्या आवरणासकट अख्खं बंडल तेवढं भरत नसेल, तर परत करा.