सरीच्या तोंडाशी खड्डा, शेपटाला गाळ

प्रश्न : सरीला पाणी सोडलं की तोंडाशी माती खणली जाते आणि शेवटच्या टोकाला जाऊन बसते. शेजारच्या चिकण रानात असं होत नाही. आमचीच माती का वाहते? शेवटी चर खणून ती अडवता येईल का?

उत्तर : तुमची जमीन पोयट्याची किंवा बारीक रेताड असावी. मातीचा कण जागेवर राहतो तो वजनामुळे किंवा शेजारच्या कणांच्या पकडीमुळे. खड्याला वजन असतं, चिकणमातीला पकड. साधारण 0.2 ते 0.5 मिमीच्या वाळूला दोन्ही जेमतेम, म्हणून ती सगळ्यांत आधी हलते. आधी घरंगळते, मग उड्या मारत पुढे जाते. त्याहून बारीक कण एकदा सुटले की पाण्यात तरंगतच जातात.

पाणी तळाला किती ओढतं हे त्याची खोली गुणिले उतार यावर ठरतं. 1 टक्का उतारावर 10 सेंमी खोल पाणी दर चौरस मीटरला जवळपास किलोभर ओढ लावतं. अर्ध्या मिमीच्या वाळूला त्याचा चाळिसावा भागही पुरतो. एवढ्या ओढीला सेंटीमीटरभराचा खडाही हलू लागतो! म्हणून ‘पाणी लवकर पोचावं’ म्हणून धार मोठी करणं मला पटत नाही.

धारेसाठी ढोबळ हिशेब असा : 0.6 ला उताराच्या टक्क्याने भागा. येईल तितके लिटर दर सेकंदाला, ही एका सरीची कमाल मर्यादा. उतार अर्धा टक्का असेल तर 1.2 लिटर, म्हणजे 12 लिटरची बादली 10 सेकंदांच्या आत भरता कामा नये. नुकत्याच नांगरलेल्या भुसभुशीत रानात, विशेषतः पहिल्या पाण्याला, धार याहूनही कमी ठेवा. पाणी जास्त असेल तर एकाच वेळी जास्त सऱ्यांत वाटून द्या. उतार जास्त असेल तर पुढच्या हंगामात सऱ्या उताराला आडव्या पाडा. पाणी उंचावरून पडतं तिथे गोणपाट किंवा चपटे दगड अंथरा.

चरात वाळू आणि जाडसर पोयटा अडकेल, चिकणमाती नाही. 0.002 मिमीच्या कणाला स्थिर पाण्यातसुद्धा 10 सेंमी खाली बसायला सुमारे 8 तास लागतात. चर करायचाच तर रुंद करा, वेळोवेळी उपसा आणि तो गाळ सरीच्या तोंडाशी परत टाकून चोपून बसवा.