तळाची वर्षं गाळू नकोस

प्रिय पोरी,

दिवाळी अंकासाठीचा तुझा मसुदा वाचला. सोबतचं पत्र मला त्याहून जास्त आवडलं, कारण त्यात तू खरी अडचण लिहिली आहेस: "काका, हरण्याचं किती लिहायचं? संपादक म्हणतात, वाचक कंटाळेल." म्हणून हिरोशिमा कार्प या जपानी बेसबॉल संघाची गोष्ट तू १९४५ च्या बॉम्बपासून उचललीस आणि दोन परिच्छेदांत थेट १९७५ च्या विजेतेपदावर नेऊन ठेवलीस. मधे काय, तर "राखेतून भरारी". अगं, मधली वर्षं कुठे गेली?

तळाची वर्षं गाळू नकोस. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

१९५० चा पहिलाच हंगाम घे. सेंट्रल लीग या जपानच्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये आठ संघ, त्यात कार्प आठवा. ४१ विजय, ९६ पराभव, एक बरोबरी. इतरांच्या पाठीशी कोण होतं? योमिउरीचं वर्तमानपत्र, हानशिनची रेल्वे, शोचिकूची चित्रपट कंपनी. कार्पला असा धनी नव्हता. १९५१ मध्ये पगार द्यायला पैसे उरले नाहीत, संघ दुसऱ्यात मिसळून टाकायची बोलणी सुरू झाली. प्रशिक्षक इशिमोतो शुइची हिरोशिमाचेच. ते लोकांपुढे हात पसरायला निघाले. मैदानाच्या दाराशी साकेची (तांदळाच्या जपानी दारूची) लाकडी पिंपं ठेवली गेली आणि सामना बघायला येणारी माणसं त्यात पैसे टाकू लागली. त्या शहरावर सहा वर्षांपूर्वी काय गुदरलं होतं ते तुला सांगायला नको, तू तिथेच राहतेस. आणि पैसे कुणासाठी? सर्वांत शेवटी आलेल्या संघासाठी! तू हे सगळं "नागरिकांच्या पाठिंब्याने" एवढ्यात उरकलंस. असले शब्द सरकारी अहवालात शोभतात. ४१ आणि ९६ हे आकडे आधी मांड, म्हणजे पिंपात पडलेल्या पैशाची किंमत कळेल.

आता १९५२. ज्या संघाचं जिंकण्याचं प्रमाण तीस टक्क्यांखाली जाईल त्याच्यावर कारवाई, असं लीगने ठरवलं होतं. कार्प ३७ विजय, ८० पराभव: ३१.६ टक्के. थोडक्यात वाचले. खाली घसरला तो शोचिकू, २८.८ टक्क्यांवर, आणि पुढे तो तायो संघात विलीन झाला. हा शोचिकू कोण? १९५० चा लीगविजेता. त्या वर्षीचा पहिला संघ संपला आणि शेवटचा आजही खेळतोय. याहून चांगली गोष्ट तुला कुठे मिळणार होती? आणि तू ती गाळलीस, कारण त्यात चषक नाही.

मी चिडतोय, कळतंय मला. जुनी जखम आहे. आमच्या भागातल्या एका कबड्डी मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे होती. एक काळ असा होता की मंडळाला सात खेळाडू जमवणं मुश्कील, मॅट सोडा, मैदानावर माती टाकायलाही पैसे नाहीत. ते मी लिहिलं. समिती म्हणाली, "हे कशाला? पाहुण्यांच्या हातात जाणार आहे." मी एक ओळ काढली नाही. स्मरणिका दुसऱ्याने केली, गुळगुळीत कागदावर, सगळे हसरे फोटो. एक जुना मित्र त्या पायी तुटला. ते अजून सलतं. पण त्या वर्षांत जी पोरं आली, त्यांचं नाव दुसरं कोण घेणार होतं? हट्टी म्हणतात मला. म्हणोत.

१९७५ वर फार रेंगाळू नकोस. अमेरिकन प्रशिक्षक जो ल्युट्झने संघाला लाल टोपी आणली, हंगाम सुरू होतो न होतो तोच पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन तो गेला, मग प्रशिक्षक म्हणून कोबा ताकेशींनी संघ सांभाळला, ऑक्टोबरात विजेतेपद आलं. चार ओळी पुरेत. त्यापेक्षा १९९८ ते २०१२ बघ: सलग पंधरा वर्षं सहा संघांत चौथ्या क्रमांकाच्या वर नाही. पिचर (चेंडू टाकणारा) कुरोदा हिरोकी अमेरिकेतले जास्त पैसे सोडून २०१५ मध्ये परतला, हे तू अगदी गहिवरून लिहिलंस. पण १९९७ ते २००७ तो कार्पकडूनच खेळला आणि त्यातले दहा हंगाम संघ खालच्या अर्ध्यात होता, हे लिहिलंच नाहीस. मग तो नुसता भावनेच्या भरात परतला असं वाटतं. तळाची वर्षं लिही, तो का आला ते वाचकाला विचारावं लागणार नाही.

मसुदा परत पाठव. १९५० ते ५२ ला निदान दोन पानं हवीत. संपादकांनी शब्दमर्यादा दाखवलीच, तर १९७९ च्या जपान सीरिजच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या) शेवटच्या सामन्यातले कार्पचा पिचर एनात्सूचे ते २१ चेंडू काप. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तुझा,
काका